तोकुजिरोच्या डब्यावरची जोडी

आमच्या जपानातल्या वाजिमा गावात लेकीच्या लग्नात झाकणावर बदकांची जोडी काढलेला डबा द्यायचाच. जन्मभराची साथ म्हणून. काळ्या लाखेवर सोन्याची पूड पेरून ती जोडी काढावी तर तोकुजिरोनंच. मी नुई. त्याच्या डब्यांना लाखेचे थर चढवण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मी पडले तोंडाची फटकळ, एकदा त्याला म्हणालेच, "अरे, तळ्यावरचा नर दर हिवाळ्यात नवी बायको करतो. कसली साथ नि कसलं काय!"

"तळ्यावरचा करत असेल. माझ्या डब्यावरचा करत नाही," तो मान वर न करता म्हणाला.

त्याच्या लेकीच्या, मित्सुएच्या नवऱ्यानं मात्र दुसरी बायको केली, लग्नाच्या सहाव्या वर्षी. पोरगी एक पेटी आणि लग्नात बापानं दिलेला डबा घेऊन कानाझावाहून माहेरी परतली. तोकुजिरोनं गावात सांगितलं, सणाला आलीय. सण उलटून दोन महिने झाले तरी त्याचं तेच. नाक वर करून जगलेला माणूस. लेकीला दुकानात फिरकूही देईना. मला त्याचा भयंकर राग यायचा.

एके सकाळी मित्सुएनं डबा त्याच्यासमोर ठेवला.

"बाबा, यातला नर पुसून द्या."

"पुसता येत नाही. सोनं थरात बसलंय."

"मग मला झाकता ना, तसं त्याला झाका."

तोकुजिरोनं माझ्याकडून सगळ्या झाकणावर काळ्या लाखेचा थर देववला. लाख दमटातच वाळते, म्हणून ओलसर कपाटात तो वाळू दिला. मग पाणी आणि कोळसा घेऊन घासायला बसला. थर झिजतो तसं खालचं चित्र वर येतं. आधी मादीची चोच आली, मग छाती, मग पंख. हात नराच्या बाजूला सरकला. मित्सुए दारात उभी होती.

त्याच्या मनातलं मला कळत होतं. आणखी थोडं घासलं की जोडी पहिल्यासारखी, आणि लेकीला 'जा, नांद' म्हणायला हा मोकळा. नराच्या डोक्याचा सोनेरी ठिपका दिसायला लागला.

तोकुजिरो थांबला. त्यानं मान वर करून दारातल्या लेकीकडे बघितलं. मग कोळसा खाली ठेवून त्यानं बारीक कुंचल्यानं ठिपका काळा केला.

चकाकी आणल्यावर त्यानं डबा दुकानात रस्त्याकडच्या फळीवर मांडला. मासेवाली तोमे गाडा थांबवून आत डोकावली. गावभर बातम्या पोचवणारी बाई ती.

"अगं बाई, जोडीतला दुसरा काढायचा राहिला की!"

"राहिला नाही. एवढंच आहे," तोकुजिरो म्हणाला आणि आत वळून त्यानं मोठ्यानं हाक मारली, "मित्सुए, चहा इकडं पुढं घेऊन ये. तोमेबाई आल्यात."