काढून टाकलेली ओळ

बनी पार्कमधल्या माझ्या खोलीवर सकाळी चहा ठेवला होता, तेव्हा अनघाच्या वडिलांचा फोन आला. काका फौजेत सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, नेमणूक इथंच. फोनवर लांबण लावायची सवय नाही. "अनघा गेली. ये," एवढंच म्हणाले. चहा उतू जाऊन गॅस विझला, ते मला वासावरून कळलं... त्याला आता सहा आठवडे होतील.

आमची ओळख इथं जयपूरला, कॉग्निटिव्ह सायन्सच्या एम.एस्सी.च्या वर्गातली. मी आयटीतली बरी नोकरी सोडून आलेलो, ती तत्त्वज्ञानात बी.ए., शेजारी कुणी मानसशास्त्राचं, कुणी जीवशास्त्राचं. एक मेंदू सगळ्यांनी वाटून घेतलेला. माझ्या वाट्याला आकडे आले, तिच्या वाट्याला प्रश्न. "दादा, तुझा कॉम्प्युटर लक्ष मोजतो. मतलब, लक्ष म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं?" असं विचारून ती माझी अख्खी दुपार नासवायची. मला तिचा राग यायचा आणि ती आली नाही की करमायचंही नाही.

आमच्यात एक रीत आहे. प्रयोगाला निरोगी माणसं लागतात, म्हणून आधी एकमेकांना बसवायचं, मग आवारात दिसेल त्याला गळ घालायची. पडद्यावर डावीकडे नाहीतर उजवीकडे ठिपका चमकतो. दिसला की बटण दाबायचं. माझ्या प्रत्येक फेरीला अनघा पहिली, म्हणजे पहिल्या क्रमांकाची ओळ तिची. उन्हाळ्यात तिचे आकडे सुरेख आले. पावसाळ्यात बरेच ठिपके हुकले. ज्याचे फार हुकतात त्याचं लक्ष नव्हतं असं धरायचं आणि सरासरी बिघडू नये म्हणून त्याच्या आकड्यांची ओळ काढून टाकायची, हा आमचा नियम. मी ती काढली आणि वर तिलाच झापलं, "झोपत जा जरा!" ती हसली नाही. "दादा, मी खरंच बघत होते," म्हणाली. दसऱ्यानंतरच्या फेरीत आणखी हुकले. तीही ओळ मी काढली.

दिवाळीत काकूंनी जेवायला बोलावलं. अनघानं ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी ठेवली. "हल्ली ही डावीकडं हातच लावत नाही बघ," काकू म्हणाल्या. मी हसलो आणि तिच्या वाटणीची चटणी खाऊन टाकली. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की माणसाला डावीकडच्या जगाचं भान राहत नाही, तो अर्ध्याच ताटातलं जेवतो, हे मी महिन्याभरापूर्वी परीक्षेत लिहून आलो होतो. मार्कंही छान पडली होती.

पुढं ती दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटून पडली, तेव्हा तपासण्या झाल्या. मेंदूत उजवीकडं गाठ होती. उशीर झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मी काढून टाकलेल्या ओळी पहिल्यांदा उघडून वाचल्या. हुकलेले जवळजवळ सगळे ठिपके डावीकडचे होते.

तेराव्याला काकांनी विचारलं, "तुम्ही तर मेंदूचाच अभ्यास करता ना रे? कुणालाच काही दिसलं नाही?" मी "नाही, काका" म्हणालो. ते खोटं मला पचलं नाही. गेल्या रविवारी तिच्या त्या ओळी कागदावर छापून घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. काकू उठून आत गेल्या. काकांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक आकडा वाचला. त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं.

"अशा अजून किती जणांच्या ओळी काढल्यास?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मग इथं काय बसलायस? जा, सांग त्यांना."

मी मान हलवून निघालो. वर्गातल्या सगळ्यांना, कितव्या क्रमांकाला बसलात, ते विचारून झालंय. त्या चौघांतलं तिथं कुणी नाही. त्या ओळींपुढं नुसते क्रमांक आहेत. प्रयोगाला कोण बसलं हे कुणाला कळू नये, म्हणून आम्ही नाव लिहूनच घेत नाही.