मावशींची मंजूर हरकत

हे मी लिहिणारच नव्हते. कॉलेजच्या वार्षिकासाठी माझ्याकडे 'गेल्या वर्षीचे उपक्रम' असं एक पान आलं होतं. चार फोटो, खाली चार ओळी, विषय संपला. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा लॅपटॉप मिटला. म्हटलं जाऊ दे, कशाला झाकली मूठ उघडायची. पण काल जिन्यात यंदाच्या खोट्या सुनावणीचं पोस्टर लागलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'यंदा डबल धमाल', आणि माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहितेय, एका दमात. शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं.

ज्यांनी यंदाच ॲडमिशन घेतलीय त्यांना आधी सांगते. शहराचा नवा आराखडा आला की लोकांच्या हरकती ऐकायला अधिकारी बसतात, ती सुनावणी. नगररचना शिकणाऱ्या आपल्या मुलांची असोसिएशन दरवर्षी तिचं नाटक करते. अर्धी मुलं अधिकारी होतात, अर्धी चिडलेले रहिवासी. गेल्या वर्षी कॉलेजचा हॉल रंगवायला काढला होता, म्हणून आपण वॉर्डाचं सभागृह घेतलं. खरी सुनावणी होते ना, तेच. "एकदम ओरिजिनल वाटेल रे," असं आपला अध्यक्ष म्हणाला. त्याला सगळे लांब्या म्हणतात, ज्युनियरसुद्धा, त्यामुळे मीही लांब्याच लिहिणार.

आता मावशी. हे सगळं मला नंतर कळलं, सुनावणीच्या दिवशी मी त्यांना ओळखतही नव्हते. त्या सभागृहाच्या मागच्या गल्लीत राहायच्या. रस्त्याला लागून दोन खोल्या, त्या बाजूला घर तेवढं त्यांचंच, पुढच्या खोलीच्या दारात पायाचं शिलाई मशीन. नवे कपडे त्या शिवत नाहीत. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, बॅगेची नाहीतर जॅकेटची चेन बदलायची, एवढंच. म्हणून चेनवाल्या मावशी. नवरा कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होता. तो गेला, तेव्हा घरात मुलगी लहान, आणि मशीन मागच्या खोलीत धूळ खात पडलेलं. मावशींनी ते एकटीने ओढत दारात आणलं. फरशीवर त्याचे ओरखडे होते, मी पाहिलेत. "मागे बसले असते तर मेले असते गं," त्या म्हणायच्या. "दारात बसले म्हणून लोकांना दिसले. दिसलं की काम येतं."

आणि तोंड म्हणजे काय, विचारू नका. एक गृहस्थ पँट घेऊन आले, म्हणाले चेन बिघडलीय, वर सरकतच नाही. मावशींनी चेन दोनदा वरखाली केली, मग त्यांच्याकडे बघितलं. "चेन बरी आहे हो. पोटाचं काम मी करत नाही." सगळी गल्ली हसली, तो माणूससुद्धा. मुलगी पुढे शिकली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, सारखी म्हणायची आई इकडे ये. मावशी म्हणायच्या, तुझ्याकडे आले की मी पाहुणी, इथे मी मालकीण.

तर त्यांच्या गल्लीचा रस्ता रुंद होणार होता. विजेच्या खांबावर नोटीस लागली, हरकती असतील तर सभागृहात सुनावणीला या. तारखेचा कोपरा कुणीतरी फाडलेला. मावशी येता-जाता सभागृहाच्या वॉचमनला विचारायच्या, झाली का सुरू सुनावणी? आणि एक दिवस तो म्हणाला, "आज आहे की, आत चाललीय." त्याचं तरी काय चुकलं? दारात आपणच बोर्ड लावला होता, 'सुनावणी'. असोसिएशनचं नाव खाली बारीक अक्षरात, त्याच्यापुढे कुणीतरी कुंडी सरकवून ठेवलेली.

मी चौथ्या रांगेत होते. स्टेजवर लांब्या मधोमध, वडिलांच्या कोटात, समोर 'आयुक्त' अशी पाटी. एकजण खोटी मिशी लावून दुकानदार झाला होता, त्याची मिशी सारखी निघत होती आणि आम्ही फिदीफिदी हसत होतो. तेवढ्यात मागून मावशी आल्या. कपाटातले चांगले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. सरळ माइकपाशी गेल्या.

"साहेब, माझी पुढची खोली तुमच्या रस्त्यात जाते. मागची उरते, पण मशीन मागे नेलं तर मी कुणाला दिसणार नाही. मला पैसे नको, दुसरीकडे जागा नको. मला फक्त रस्त्यावरून दिसू द्या."

माझ्या शेजारची कुजबुजली, "ही कुणी आणली? कसली भारी करते यार!" कुणाला वाटलं नाट्यमंडळातली आहे, कुणाला वाटलं लांब्याची आत्या. आणि लांब्याला वाटलं, दुसऱ्या गटाने त्याची परीक्षा घ्यायला पाठवलीय. त्याने मान हलवली, गंभीर चेहरा केला आणि म्हणाला, "हरकत मंजूर. रस्ता या घराला हात लावणार नाही."

आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"लेखी मिळेल का, साहेब?" मावशींनी विचारलं. त्यावर तर आणखी हशा. लांब्याने कागदावर दोन ओळी खरडल्या, खाली सही केली आणि खोडरबर कोरून बनवलेला शिक्का मारला. मावशींनी कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेल्या. आम्ही पुढच्या हरकतीकडे वळलो. बक्षीस मिशीवाल्याला मिळालं.

त्यानंतरच्या आठवड्यात खरी सुनावणी झाली. समोरचे इस्त्रीवाले काका मावशींना बोलवायला आले. "वहिनी, चला, सगळे निघालेत."

"माझं झालंय हो," मावशी म्हणाल्या. "साहेबांनी लिहून दिलंय. तुम्ही जा, नीट बोला, घाबरू नका. साहेब फार चांगले आहेत."

काका गेले, नीट बोलले. त्यांच्या बाजूचे सगळेच बोलले. अधिकाऱ्यांनी ऐकलं आणि तिकडची बाजू वाचली. मग रस्ता रुंद कुठून करायचा? दुसऱ्या बाजूने. म्हणजे मावशींच्या. आधी त्यांची पुढची खोलीच जाणार होती, आता दोन्ही गेल्या.

लाल रंगाचा डबा घेऊन माणसं भिंतीवर खूण करायला आली, तेव्हा मावशी आधी हसल्याच. "चुकलात तुम्ही, थांबा, कागद दाखवते." त्यातल्या एकाने कागद उलटसुलट करून बघितला. "मावशी, हे कॉलेजच्या पोरांचं आहे."

त्याच दुपारी त्या कॉलेजात आल्या. आपल्या असोसिएशनची खोली जिन्याखालची, तिथे मी, लांब्या आणि आणखी दोघं तिघं वडे का काय ते खात बसलो होतो. मावशी दारात उभ्या राहिल्या.

"आयुक्तसाहेब कुठे बसतात?"

लांब्याने त्यांना ओळखलं. तो फुटबॉलच्या हाफपँटमध्ये होता. उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"मावशी, ते... ते नाटक होतं."

"कुणाचं नाटक?"

"आमचं."

मावशी त्याच्या पायांकडे बघत होत्या, चेहऱ्याकडे नाही. "म्हणजे तू साहेब नाहीस?"

"नाही."

"मग मी बोलत होते तेव्हा सांगायचं नाही का रे?"

"मला वाटलं तुम्हीपण नाटकच करताय."

त्या स्टुलावर बसल्या. कुणीतरी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. हळूच विचारलं, "मग टाळ्या कशाला वाजवल्या?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन नगररचना खात्यात गेलो. तिथले साहेब वाईट नव्हते, म्हणून तर जास्त वाईट वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल काढली. "त्या बाजूने एकही हरकत आलेली नाही. मुदत संपली, आराखडा वर मंजूर झाला. मी काय करू, सांगा." लांब्या म्हणाला, सर, हरकत होती, आमच्याकडे आली होती. साहेबांनी फाइल मिटली. आपल्या सरांनी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र दिलं, शब्दही टाकला, पण तोवर बैल गेला होता आणि आपण झोपा करत होतो. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, यापुढे बोर्डावर 'नाटक' हा शब्द मोठा लिहावा. झालं. एवढंच केलं आपण.

घर पाडलं त्या दिवशी मी गेले होते. मशीन आधीच बाहेर काढलं होतं, इस्त्रीवाले काका ते धरून उभे, आणि मावशी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. काकांचे डोळे भरलेले. जेसीबीने पुढची भिंत लोटली, ती पत्त्यासारखी आत पडली. एवढ्या वर्षांचं घर, पडायला काहीच वेळ लागला नाही.

मावशींना बदली घर मिळालं. शहराच्या टोकाला, बस शेवटच्या थांब्यावर उतरवते तिथे उंच इमारती आहेत ना, त्यातल्या मागच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. कागदावर ते जुन्या घरापेक्षा मोठं आहे. स्वयंपाकघर वेगळं, भिंतींना टाइल्स. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. मशीन खिडकीपाशी ठेवलंय, वर चादर. खाली गेटवर पाटी लावायला सोसायटीने परवानगी दिली नाही. मुलगी येऊन गेली, चल म्हणाली, मावशी गेल्या नाहीत. "आता तर पाहुणीपेक्षा खालची होईन," म्हणाल्या.

मी महिन्यातून एकदा जाते. सुरुवातीला त्या माझ्यावर इतक्या चिडायच्या की विचारू नका. "आली का टाळ्या वाजवायला?" दारातच. मग चहा. मग पुन्हा शिव्या. मला बरं वाटायचं, खरंच. एकदा म्हणाल्या, "त्या उंटाला म्हणावं ये. फाडून खाणार आहे मी त्याला. साठवून ठेवलंय सगळं." मी लांब्याला सांगितलं. तो म्हणाला, कुठल्या तोंडाने जाऊ? त्याने असोसिएशन सोडली, आता माझाही फोन घेत नाही.

पण गेल्या खेपेला गेले तर मावशी ओरडल्याच नाहीत. दार उघडलं, आत जाऊन बसल्या. मी म्हटलं काय झालं, बरं नाही का? तर म्हणाल्या, "तसं नाही गं. विचार करत होते. चूक माझीच. एवढी मोठी बाई मी, साधं विचारायला नको होतं का, तुम्ही खरे आहात का म्हणून?"

मी म्हटलं, नाही हो मावशी, तुमची कसली चूक. त्या म्हणाल्या, "असू दे." असू दे! घर गेलं, दार गेलं, गल्ली गेली, आणि आता दोषसुद्धा त्याच स्वतःकडे घेतायत, कारण ज्यांच्यावर ओरडायचं ते माझ्याशिवाय कुणी येतच नाही. त्या रिकाम्या भिंतीवर किती ओरडणार?

म्हणून म्हणते, डबल धमाल करा नाहीतर काहीही करा, पण त्या दिवशी टाळ्या वाजवलेल्या प्रत्येकाने एकदा जा. पत्ता माझ्याकडे आहे. लिफ्ट बंद असते, जिना चढा. माफी मागायला फुलं वगैरे नेऊ नका, मावशी फेकून देतील. नुसते जा, समोर बसा, त्यांची बोलणी खाऊन घ्या. आणि लांब्या, तू वाचत असशील तर तू सगळ्यात आधी जा. कुठलंही तोंड घेऊन जा. त्यांचं ते 'चूक माझीच' पक्कं व्हायच्या आत जा, या आठवड्यात जा.