खांबाची पहिली मोटरसायकल

अपघातातली मोटरसायकल तोडायची तर आधी टाकी उतरवतात, कारण टाकीत पेट्रोल असतं आणि ठिणगी कुणाची भीड ठेवत नाही. मग हँडल, मग चाकं, मग इंजिन, आणि शेवटी उरलेल्या सांगाड्यावर घण. हे काम खांब एका भंगाराच्या यार्डात सोळा वर्षं करत होता. त्याचं खरं नाव मालकाच्या हजेरीवहीत तेवढं होतं. बाकी सगळे त्याला खांबच म्हणत, कारण साडेसहा फुटी माणसाला दुसरं काही म्हणायचं कुणाला सुचलं नाही. स्वतःच्या खोलीत शिरताना तो वाकायचा, तरी महिन्यातून एकदा चौकट त्याच्या कपाळावर बसायचीच. घण मात्र त्याच्या हातात खेळण्यासारखा दिसायचा. तो एवढ्या उंचावरून खाली यायचा की बघणाऱ्याला डोळे मिटायला वेळ मिळायचा.

यार्डातल्या माणसांना एक वाईट विद्या आपोआप येते. गाडी बघितली की ती कशी पडली ते कळतं, आणि तिच्यावरचा माणूस कसा पडला तेही कळतं. फूटरेस्ट आत मुडपलेलं असेल तर घोटा गेला. टाकीवर दोन बाजूंना दोन पोचे असतील तर ते गुडघ्यांचे, म्हणजे माणूस समोर फेकला गेला आणि जाताना मांड्या मोडून गेला. सीटच्या शिवणीत केस सापडतात. एकदा दात सापडला होता. मामा, म्हणजे यार्डातला सगळ्यात जुना कामगार, ज्याला मालकसुद्धा मामाच म्हणायचा, तो दात कागदात गुंडाळून तीन दिवस खिशात घेऊन फिरला. कुणीतरी मागायला येईल असं त्याला वाटलं होतं. कुणी आलं नाही. असल्या कामात जन्म घालवलेल्या खांबाने मोटरसायकलला कधी टांग मारली नाही, यात नवल ते काय. तो बसने फिरायचा, छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकडी करून.

मग ताईपायी त्याला गाडी घ्यावी लागली.

ताई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या विजारी दर सहा महिन्यांनी खालून उसवून लांब केल्या. तिचं लग्न तीस किलोमीटरवरच्या गावात झालं. नवरा बसचा कंडक्टर. दिसायला नीटनेटका, बोलायला लाघवी, म्हाताऱ्यांना हात धरून चढवणारा. घरी आला की ताईला मारायचा. दारू पीत नव्हता, आणि हे लोक त्याचा मोठा गुण म्हणून सांगायचे. शुद्धीवर राहून मारायचा आणि मारून झालं की पट्टा नीट गुंडाळून खुंटीला लावायचा. खांब त्याला दाजी म्हणायचा. जिभेची ती सवय मनातल्या मनात शिव्या घालतानाही सुटली नाही.

मागच्या वर्षी ताईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा खांब बसने गेला. पोचायला दीड तास लागला. तोवर मारून झालं होतं, ताईने तोंड धुतलं होतं आणि दाजी जेवत बसला होता. खांबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दाजीला ताटावरून उचलला, भिंतीवर आपटला आणि तोंडावर दोन गुद्दे ठेवून दिले. पुढचे तीन दात फरशीवर पडले. इतकं बरं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शेवटच्या बसने तो शीळ घालत घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीने ताईची दोन बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं.

दवाखान्यात दाजी औषधं आणायला खाली गेला तेवढ्यात दोघं बोलली. आत्ताच चल, असं खांब म्हणाला. कशाने नेणार, असं तिने विचारलं. एकदा ती पिशवी घेऊन एकटीच बसमध्ये चढली होती, तर दाजीच्या दोस्त कंडक्टरने तिला पुढच्या थांब्यावर उतरवून स्वतः घरी आणून सोडलं होतं, वर वहिनी वहिनी करत चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. रिक्षावाले त्यांच्यातलेच. चौकीत समजूत घालून परत पाठवत. खांबाच्या मुठी वळलेल्या तिला दिसल्या.

"तू मारून निघून जातोस," ती म्हणाली. "मी तिथेच असते. आता यायचं तर न्यायला ये. हात उचलणार असशील तर येऊच नकोस."

त्याने शब्द दिला.

म्हणजे स्वतःचं वाहन हवं, आणि चार चाकांची ऐपत नव्हती. खांब जुन्या मोटरसायकली विकणाऱ्याच्या दुकानात गेला. सोबत मामाला न्यायला हवं होतं, पण सोळा वर्षं गाड्या तोडणाऱ्याला गाडीतलं काय कळत नाही, असा त्याचा तोरा होता. विकणाऱ्याने आधी त्याला एक छोटी गाडी दिली. नवशिक्याला हलकी गाडी बरी, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण खांब तिच्यावर बसला तेव्हा गुडघे हँडलच्या वर आले. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्याने वळायला हँडल फिरवलं, ते गुडघ्यात अडकलं, आणि माणूस चालतो त्या वेगात तो गाडीसकट भिंतीला धडकला. कोपराची सालटं निघाली. दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसली.

दुसरी गाडी लांब आणि बसकी होती. पाय आरामात जमिनीला टेकत होते. विकणारा म्हणाला, तुमच्यासाठीच बनवलीय. खांबाने तसल्या नऊ गाड्या तोडल्या होत्या, आणि नऊच्या नऊ गाड्यांचं डावं फूटरेस्ट आत मुडपलेलं होतं. तिच्यावर बसल्या बसल्या त्याचा डावा घोटा दुखायला लागला. तो उतरला.

तिसरी कोपऱ्यात धूळ खात उभी होती. उंच, जड, हिरवट रंगाची. सीट एवढी वर की विकणाऱ्याला तिच्यावर चढायला दगड लागायचा. खांब बसला आणि त्याचे दोन्ही तळवे सपाट जमिनीवर टेकले, गुडघे हँडलपासून वीतभर लांब राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुठलीतरी वस्तू त्याच्या मापाची निघाली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, असली गाडी सोळा वर्षांत एकदाही यार्डात आली नव्हती. हिच्यावरून कुणी पडत नाही, त्याने हिशोब मांडला. हिच्यावर ताई बसेल आणि नीट घरी येईल. त्याने घासाघीससुद्धा केली नाही.

मामाने गाडी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, ही यार्डात येत नाही कारण ही कुणी घेतच नाही. गरम असताना बंद पडली की किक घेत नाही. पंधरा मिनिटं नुसतं तिच्या तोंडाकडे बघत बसायचं."

असल्या चुकीला काय म्हणावं. दुसरा कुणी असता तर त्याने रस्त्यावर किती दिसतात ते बघितलं असतं. याने मेलेल्या मोजल्या. पण आता बदलून घ्यायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर बसल्यावर आपण उंच आहोत हे त्याला विसरायला व्हायचं. तो तिच्यावरच शिकला. तीन आठवडे यार्डाच्या आवारात त्याने स्वतःची हाडं खिळखिळी करून घेतली. क्लच झटकन सुटायचा, गाडी उसळी मारून बंद पडायची. एकदा ती पडून त्याच्या पोटरीवर बसली आणि गरम सायलेन्सरने पोटरीची कातडी घेतली. एकदा फाटकच तोडलं. मामा बाजूला उभा राहून ओरडायचा, की हळू सोड, हळू, ती काय घण आहे का. एकच गोष्ट त्याने शंभरदा बजावली: तिथे पोचल्यावर इंजिन बंद करायचं नाही.

दिवस ठरला. दाजीची दुपारची फेरी असते त्या वारी, अडीच वाजता. ताईने शेजारणीकडून निरोप दिला. खांबाने तिच्यासाठी नवं हेल्मेट आणलं. यार्डात हेल्मेटांचा ढीग होता, पण त्यातलं एकही तिच्या डोक्यावर ठेवायला त्याचं मन झालं नाही. स्वतः मात्र ढिगातलंच घातलं.

हेल्मेट तोंड झाकतं, उंची कुठे झाकतं? बसस्टँडवरून जाताना चहा पीत उभ्या असलेल्या कंडक्टरांनी त्याला बघितलं, आणि तीन दात पाडणारा लांबडा मेव्हणा त्यांच्या चांगला लक्षात होता. दाजीची बस नेमकी त्या दिवशी उशिराने होती, अजून सुटायची होती.

ताईचं घर एका उताराच्या गल्लीत, वरच्या टोकाला. खांबाने गाडीचं तोंड उताराकडे करून ठेवलं, इंजिन चालू. ताई पिशवी घेऊन बाहेर आली. तिने हेल्मेट घातलं, दोन बोटं वाकडी झालेल्या हाताने त्याचा खांदा धरला आणि मोठ्या कष्टाने मागे चढून बसली. तिचं वजन एवढं कमी झालं होतं की गाडी खाली दबलीसुद्धा नाही. त्याच वेळी गल्लीच्या वरच्या बाजूने दाजी धावत येताना आरशात दिसला. खांबाचा हात घाबरला आणि क्लच झटकन सुटला. गाडीने उसळी मारली आणि बंद पडली.

त्याने किक मारली. पुन्हा मारली. सातवी, आठवी. इंजिन तीस किलोमीटर धावून तापलं होतं. दाजी घरात शिरला आणि दाराचा अडसर घेऊन बाहेर आला. मनगटाएवढं जाड, सागवानी लाकूड. लोक दारात आले, खिडकीत आले. मधे कुणी पडलं नाही.

पहिला तडाखा खांबाच्या हेल्मेटवर बसला, डोळ्यापुढे अंधारी आली. दुसरा खांद्यावर. खांबाच्या हातातली आग काय वर्णावी. उतरावं, अडसर हिसकावावा, आणि सांगाड्यावर घालतो तसा एकच घालावा. दाजी दुसऱ्यासाठी उरलाच नसता. त्याचा उजवा हात हँडलवरून सुटलासुद्धा. मग त्याला दिलेला शब्द आठवला आणि त्याने हात परत ठेवला, इतका घट्ट की मुठीचं रबर फिरलं. क्लच दाबला. दोन्ही पाय जमिनीला लावले आणि बसल्या बसल्या चालायला लागला.

दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. त्या गाडीवर बसून जमिनीवर ढांगा टाकायला तेवढेच पाय हवेत. एक ढांग, दोन, तीन. मागे लाकडाचा आवाज येत होता, धप, धप, आणि दाजीचं धापा टाकणं. शिवी एकही नाही. तो मारताना बोलायचा नाही. मार, खांब मनात म्हणत होता, मार लेका, माझी पाठ रुंद आहे. गाडी उताराला लागली. धप. पाचवी ढांग, सहावी, मग ढांगा टाकायची गरज उरली नाही, चाकं आपोआप पळायला लागली. दाजीची पावलं मागे पडली. गल्लीच्या तळाशी खांबाने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने आचका दिला, इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

गाव सुटलं, कालव्याचा पूल मागे गेला, तरी तो थांबला नाही. मन भरून आलं होतं. आपण हात उचलला नाही, आपण तिला आणलं, सगळा मार पाठीवर घेतला आणि आणलं. कधी एकदा मामाला सांगतो असं त्याला झालं. दहा किलोमीटरवर मोकळा रस्ता बघून त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवून. खांदा चोळला. एकच जागा दुखत होती. त्याने पाठ चाचपली, वरपासून खालपर्यंत. पाठीला काही झालेलं नव्हतं.

धप धप त्याने किती वेळा ऐकलं होतं? दहा, बारा. त्याला लागले दोन.

त्याने मान वळवली. ताई त्याच्या पाठीला चिकटून बसली होती, चढली तेव्हापासून तशीच. डावा हात त्याच्या कमरेभोवती. उजवा हात खांद्यापासून खाली लोंबत होता, कुठल्याही हाताने लोंबू नये तसा. हेल्मेटची मागची बाजू फुटली होती. पोलक्याची पाठ काळपट ओली झाली होती. मागे बसलेलं माणूसच मागून येणाऱ्याच्या तावडीत असतं, ही एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती.

"ताई," तो म्हणाला. "ओरडली का नाहीस?"

तिने हेल्मेटची काच डाव्या हाताने वर केली. ओठ पांढरे पडले होते.

"ओरडले असते तर तू उतरला असतास," ती म्हणाली. "चल आता. जमेल तेवढं हळू चालव."

खांब रडत रडत गाडी चालवू लागला. खड्डा आला की मागे तिचा श्वास अडकलेला त्याला ऐकू यायचा, आणि दवाखाना अजून वीस किलोमीटर होता.