तुमी डावरे काय?

हरेश्वरभाई गेल्याचा फोन मला आला होता, आणि तो मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. तारापूरच्या कारखान्यात स्टोअरमध्ये उभा राहून ड्रमवरची लेबलं तपासत होतो. मागे फोर्कलिफ्टवाला “साइड में, साहब, साइड में” म्हणून ओरडत होता, आणि फोनवर एक बाई विचारत होत्या, “डावरेकाका का?” मी म्हणालो, “नाही हो, मी कदम. राँग नंबर.” फोन खिशात टाकला. पुढच्या दोन ड्रमांची लेबलं वाचून झाली आणि तिसऱ्यावर हात थांबला... जगात मला डावरे म्हणणारं एकच घर होतं. उलटा फोन केला तर लागेना. लागला तेव्हा दुपार झाली होती. पालघरजवळच्या माहीमला पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतून पायांवर पाणी घेत होती. दोन वर्षं ज्या घरात मी खोट्या ओळखीवर बसलो, चहा प्यायलो, त्या घराला माझं खरं नाव कळलं ते नेमकं त्या सकाळी.

याला आता दीड महिना झाला. हरेश्वरभाईंवर काही लिहायचं तर आधी मी डावरे कसा झालो ते सांगितलं पाहिजे. ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

मी मूळचा घाटावरचा. नोकरीसाठी बोईसरला आलो आणि सरावलीत घर करून इथलाच झालो, असं निदान मला वाटत होतं. पन्नाशी जवळ आली की शहाणी माणसं शुगर तपासून घेतात; मी गिटार शोधायला लागलो. नवी घेऊन दोन महिन्यांत माळ्यावर टाकली तर सुनंदा, म्हणजे माझी बायको, जन्मभर ऐकवील, म्हणून जुनी शोधत होतो. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर माहीमची जाहिरात दिसली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘लेफ्ट हँड गिटार, दोन नग.’ मी विचार केला, बरोबरच आहे, गिटार सगळेच डाव्या हातात धरतात. फोटोत ती उलटी दिसत होती, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात काय, माणूसही उलटा दिसतो. मी फोन लावला.

“गिटार आहे का अजून?”

“हाय. पण तुमी डावरे काय?”

आमच्या स्टोअरमध्ये दोन डावरे होते, काका आणि पुतण्या. इकडे पहिल्या भेटीत ‘तुमी अमके काय, तमक्या गावचे काय’ असं विचारून घेतात आणि एकदा धागा जुळला की माणूस घरचा होतो, हे मला पक्कं ठाऊक. म्हातारा आपल्याच माणसाला वस्तू देणार, हे मी ताडलं. भाव करताना आडनावानं फरक पडत असेल तर आडनावात काय आहे? मी म्हणालो, “हो हो, डावरेच! आमचं अख्खं घराणं डावरे!”

पलीकडून केवढ्या आनंदाचा आवाज आला... “अख्खा घराणा? काय सांगता! मंग या. रविवारी या.”

रविवारी सुनंदाला स्कूटरवर मागे बसवून पालघरमार्गे माहीमला गेलो. पानवेलीच्या वाडीला लागून बैठं घर, अंगणात केळी, शेजारच्या घरापुढे बोंबील वाळत घातलेले. सत्तरीचे हरेश्वरभाई पायरीवर उभे होते. उजवा हात अंगाशी धरलेला, लुळा. त्यांनी डावा हात पुढे केला, माझा डावा हात घट्ट धरला आणि म्हणाले, “चला, एक डावरा दुसऱ्या डावऱ्याला भेटला.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे ज्याला डावखुरा म्हणतात तो इथे डावरा. त्या क्षणी हसून “भाई, माझा घोटाळा झाला” म्हणालो असतो, तर तेही हसले असते. मी का म्हणालो नाही? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आलो, की त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मोडवला नाही. ते खोटं आहे. फोनवर त्यांनी भाव इतका उतरवला होता, की मला तो सोडवत नव्हता. आनंदाची सबब मी नंतर शोधून काढली.

तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात होते; किनाऱ्यावरच्या कितीतरी हळदी त्यांनी वाजवल्या. पहिली गिटार बोटीवर नोकरी करणाऱ्या मावसभावानं परदेशातून आणून दिलेली, दुसरी मुद्दाम बनवून घेतलेली. डावऱ्याची गिटार म्हणजे तारा उलट क्रमानं. डाव्या हातानं छेडायची, उजव्याच्या बोटांनी दाबायची. अर्धांगाच्या झटक्यात तो उजवाच गेला. “मास्तर मारमारून बोलायचे, डावा हात मोडून टाक. देवानं आयकला, पण उलटा आयकला. उजवा मोडला,” असं म्हणून ते हसले. “मास्तर असता तर कळवला असता.” गिटार विकायची, पण डावऱ्यालाच, हा त्यांचा हट्ट होता. “उजव्याला दिली तर तो दोन दिवस उलटी धरील आणि मंग भिंतीला टांगील.”

एक गिटार घेऊन परत निघालो, ती मांडीवर धरून सुनंदा मागे बसली. पालघर आलं तेव्हा मागून आवाज आला, “अहो, डाव्या हातानं तुम्हाला डास मारता येत नाही.”

“अगं, वेळ आली की सांगेन.”

“वेळ आली होती. चहा पीत बसली होती आपल्यासमोर.”

तिथेच संपलं असतं तरी मी नुसता लबाड ठरलो असतो. पण हरेश्वरभाईंनी शिकवायचं ठरवलं. दर रविवारी मी जायला लागलो आणि माहीमच्या वेशीवर आलो, की डावरा होऊ लागलो. चपला डाव्या हातानं काढायच्या, कप डाव्या हातानं उचलायचा. एकदा त्यांच्या मुलीनं, वर्षाताईंनी, पालघरहून आणलेली जिलेबी पुढे केली आणि मी सवयीनं उजवा हात पुढे केला. भाईंनी माझ्याकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं! “बघ, किती मारला असेल याला. अजून हात घाबरतो.” मी वाजवायचो भयंकरच. तारेऐवजी लाकडावर टिचक्या बसायच्या. पण त्यांनी कधी हसून दाखवलं नाही. “चूक तुजी नाय. ल्हानपणी हात बांधला ना, की मंग ताल आतच अडकून बसतो.” मग हळूच विचारलं, “तुजा कोणी बांधला?”

आता हे लिहिताना कानाची पाळी गरम होते आहे. मी म्हणालो, “वडिलांनी.” माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी आम्हा भावंडांवर उभ्या आयुष्यात हात उगारला नाही. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली आणि मी त्या गरीब माणसाच्या हातात पट्टी दिली, दोरी दिली, मला देवघरापुढे उभं करून डाव्या हातावर मारायला लावलं. गोष्टी सांगायची सवय वाईट. सुरुवात केली की रंग भरल्याशिवाय राहवत नाही. रंग इतका भरला, की हरेश्वरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ते बोलले... त्यांच्या आईनं ते सहा वर्षांचे असताना त्यांचा डावा हात केळीच्या सोपटानं, पानांचे विडे बांधतात त्या वाळक्या सोपटानं, कमरेशी बांधून ठेवला होता. पावसाळाभर. देवळात तीर्थाला त्यांनी एकदा डावी ओंजळ पुढे केली, तर पुजाऱ्यानं पळी मागे घेतली आणि मागची माणसं हसली. त्यानंतर ते देवळात तीर्थाला उभे राहिले नाहीत. “बायको गेली, तिला पण नाय सांगितला. बोलली असती, येवढ्याशा गोष्टीचा काय. तुला सांगता येते. तुला ठाव हाय.”

मला काहीही ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ती थांबली. “मामंजींनी मारलं असं सांगितलंत?” तिनं एवढंच विचारलं, आणि वडिलांच्या फोटोकडे बघितलं. पुढच्या रविवारी सांगून टाकतो, असं मी शपथेवर म्हणालो. तसे मग किती पुढचे रविवार आले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर त्यांनी मला जे दिलं ते त्यांना परत कसं घेता येईल? लाजेलाही अशी छान कारणं सापडतात.

शेवटच्या पावसाळ्याआधी दुसऱ्या गिटारीसाठी पाम गावाहून एका शिक्षिकेचा फोन आला. खऱ्या डावऱ्या. मी समोरच बसलो होतो. भाई फोनवर म्हणाले, “नाय बाय, ती दुसरी दिली. ती आमच्या डावऱ्याची हाय.” फोन ठेवून माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. ‘त्यांनाच द्या’ एवढं म्हणायलाही खरं बोलावं लागलं नसतं. मी कप उचलला... डाव्या हातानं.

तेराव्याला गेलो तेव्हा वर्षाताईंनी जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेली ती गिटार माझ्या हातात दिली. “बाबांनी बजावून ठेवलं होतं. म्हणायचे, डावरे आला नसता तर मी तसाच गेलो असतो.” त्या रडत होत्या. मी म्हणालो, “ताई, मला एक सांगायचंय,” आणि त्यांनी डोळे पुसून वर पाहिलं. मी विचारलं, “पाणी आणू का?”

म्हणून हे लिहितो आहे, वर्षाताई. वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्याकडे येते, हे मला माहीत आहे. त्या सकाळी तो राँग नंबर नव्हता. राँग नंबर त्याआधीची दोन वर्षं होती.

पामच्या बाईंचा नंबर भाईंच्या वहीतून तुम्हीच काढून दिलात. कशासाठी, ते तुम्ही विचारलं नाहीत. गेल्या रविवारी गिटार घेऊन मी पामला गेलो. त्या जेमतेम तिशीच्या. धोतर सोडलं, गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळून सूर लावला आणि छेडली. दोन वर्षांत माझ्याकडून जे एकदाही निघालं नाही, ते त्यांच्या डाव्या हातानं दोन मिनिटांत काढलं. मग त्यांनी विचारलं, “तुम्हीही डावरे काय?”

“नाही,” मी म्हणालो. “मी उजवा.”

किती सोपं होतं!

“मग त्यांच्याकडे शिकत होतात ते?”

मी हात जोडून निघालो.

घरी पोचलो तेव्हा पहिली गिटार खुंटीवर टांगलेली दिसली. भाई म्हणाले होते तशीच, भिंतीला. सुनंदाला पामचं सगळं सांगितलं, ‘मी उजवा’ म्हणालो तेही सांगितलं. शाबासकी नाही, पण निदान एक हुंकार मिळेल असं वाटलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, चहा घेऊन आली आणि कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. मी तिच्याकडे बघत उजवा हात पुढे केला. तिनं कप आणखी डावीकडे सरकवला.

“उजव्यानं घेऊ नका,” ती म्हणाली. “भाई तुम्हाला डावरा म्हणून गेले, ते तरी खरं राहू द्या. त्यांच्याशी एकदा खोटं बोललात, तेवढं पुरे.”