गाडीवर क्लीनर नव्हता

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गाडीला लिंबू-मिरची ड्रायव्हर बांधतो, मी इन्शुरन्स भरते... आणि आजवर कामाला इन्शुरन्सच आलाय. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव वाचून खदाखदा हसणारी बाई आहे मी. तरी लिहितेय, कारण हे नुसतं पोटात ठेवणं आता जमत नाहीये.

मी अंबरनाथला राहते. मिस्टर गेल्यावर त्यांच्या दोन ट्रकचा धंदा मीच बघते. त्यातल्या एकावर दशरथ आहे. मिस्टरांच्या वेळचा माणूस, मला वहिनी म्हणतो.

त्या दिवशी तो एमआयडीसीतून रंगाचे ड्रम भरून बदलापूरकडे निघाला. जांभूळ फाट्याच्या अलीकडे डिझेलच्या पाइपात हवा धरली आणि गाडी बंद. दिवेलागणीची वेळ. आमच्या धंद्यात गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर मोठे दगड मांडतात, वर झाडाची फांदी ठेवतात... मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. (रिफ्लेक्टरचा त्रिकोण सीटखाली नवाकोरा पडलेला असतो, ते सोडा!) गाडी चालू झाली की क्लीनर दगड उचलतो, 'चल' म्हणून मागच्या फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेवर, दोन थापा मारतो आणि मग ड्रायव्हर गिअर टाकतो. पण जवळच्या फेऱ्यांना हल्ली क्लीनर ठेवतो कोण? त्या दिवशीही दशरथ एकटाच होता.

गाडी निघाली. दगड रस्त्यातच राहिले. थोड्याच वेळात बदलापूर गावातला सुमेध — कंपनीतून बाइकवर घरी चाललेला पंचविशीतला मुलगा — त्यांना धडकला. मांडीचं हाड मोडलं.

दशरथवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, ट्रक पोलीस स्टेशनच्या आवारात जमा. मी दशरथवर तुटून पडले.

"दगड कसे विसरलास रे?"

"विसरलो नाय वहिनी. उतरणारच होतो... तेवढ्यात मागून थापा पडल्या. दोन. मला वाटलं, उचलले."

"कोणी उचलले? गाडीवर होतं कोण?"

त्याने मान खाली घातली. "सवयीने निघालो ओ... गाडी पुढे गेल्यावर डोक्यात आलं, आपल्याबरोबर कोणीच नाय. मग मागं वळायचं धाडस नाय झालं."

तो प्यायला नव्हता, तशी तपासणीही झाली होती. मला वाटलं, घाबरून काहीतरी बरळतोय. पण पोलीस स्टेशनला गेले तर साहेब माझ्यावरच घसरले.

"मॅडम, क्लीनरला कुठे लपवलंय? जखमीच्या जबाबात आहे. दगडांपाशी एक माणूस वाकला होता म्हणतो. हजर करा त्याला."

गाडीवर क्लीनर नव्हता, असं मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. ऐकतंय कोण!

आमचे वकील उल्हासनगरचे. ते तर खूषच झाले. "मॅडम, ये तो अच्छा हुआ ना! दगड उचलायचं काम क्लीनरचं. अपना एक आदमी उभा करतो. दशरथ सुटला समजा." अशी पैसे घेऊन दुसऱ्याची केस अंगावर घेणारी माणसं मिळतात. मला पटत नव्हतं. पण दशरथ आत गेला, लायसन्स गेलं, तर त्याच्या दोन पोरींचं काय? मी नाही म्हटलं नाही.

ओळख पटवायला भर दुपारी सगळे पोलीस स्टेशनला जमलो. वकिलांचा माणूस आमच्या ट्रकजवळ उभा. सुमेध कुबड्यांवर आला.

"हाच ना?" साहेबांनी विचारलं.

सुमेधने त्याला नीट बघितलं. "हा नाही. तो काय... याच्या मागे, चाकापाशी बसलाय तो."

आम्ही सगळे वळलो. चाकापाशी कोणीही नव्हतं. ऊन होतं, लपायला जागा नव्हती. दशरथ मटकन खालीच बसला. वकिलांच्या माणसाने एकदा चाकाकडे बघितलं आणि "वकीलसाब, अपने से नहीं होगा" म्हणत गेट गाठलं.

"आत्ता तर होता..." सुमेध पुटपुटला.

मला तिथे उभं राहून आणखी खोटं बोलणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, हा माणूस आमचा नव्हे. गाडीवर क्लीनर नव्हता. दगड आमच्या गाडीचे. लिहून घ्या."

"विचार करा. तुमच्यावरही येईल."

"येऊ दे."

दशरथ उठला. "उतरून बघायला पाहिजे होतं. चूक माझीच हाय साहेब."

वकील कपाळाला हात लावून बसले. साहेब लिहायला लागले, तेवढ्यात सुमेध माझ्याकडे वळला. रागावला असेल असं मला वाटलं होतं. तो रागावलेला नव्हता.

"मॅडम, मी त्याला केस करायला शोधत नव्हतो. दगडांवरून उडून मी रस्त्याच्या मधोमध पडलो. पाय उचलत नव्हता, मागून डंपर येत होता. त्या माणसाने काखेत हात घालून मला ओढत कडेला आणलं. शर्टावर त्याच्या हातांचं ग्रीस आहे अजून, आईने कितीदा धुतलं तरी जात नाही. मला फक्त थँक यू म्हणायचं होतं... क्लीनर नव्हता, तर मग तो कोण होता?"

साहेबांचं पेन थांबलं.

केस अजून चालू आहे. दशरथचं काय होईल, माहीत नाही. गाडीवर क्लीनर नव्हता, हे मी शपथेवर सांगितलंय आणि ते खरं आहे. सुमेध जिवंत आहे, हेही खरं आहे.