वाणाचं ताट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही हं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आता तोंड उघडलंच आहे तर मध्ये थांबवू नका मला — थांबले की परत जमायचं नाही.

मी बोलकी. आमच्या वाशीच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा! ऐंशी सालानंतरची गोष्ट. सगळ्या ब्लॉकच्या चाव्या एकदमच मिळालेल्या — कोण गिरगावातून आलेलं, कोण चिपळूणहून, कोण थेट लातूरहून. कुणी कुणाला ओळखत नाही. मग बेल कोण वाजवणार? मी! "पहिल्या मजल्यावरची हो मी, विरजण आहे का थोडं?" आठवड्याभरात चोवीसच्या चोवीस घरं ओळखीची. काय दिवस होते ते! भिंतींच्या रंगाचा वास गेला नव्हता आणि आम्ही सोसायटीची सहल काढायला निघालो होतो.

पण एक सांगू? प्रत्येक बेल वाजवायच्या आधी मी जिन्यात उभी राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. तळहात ओले, आणि ते विरजणाचं वाक्य मनात घोकत. दार उघडलं की हसायचं, बडबडायचं — गप्प राहिले तर समोरच्याला कळेल ना! सगळ्यांना वाटायचं, हिला माणसांची केवढी हौस. हौस होतीच हो. भीतीही तेवढीच होती. दोन्ही एका जिवात कशी राहतात, कोण जाणे.

एकदा सुलभाने मला पकडलं. समोरच्या ब्लॉकमधली, लातूरकडची, नुकतंच लग्न झालेली, खाली मान घालून जाणारी. मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाले होते आणि जिन्यातच कठडा धरून थरथरत होते. तिने आतून तांब्याभर पाणी आणलं. मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला बी होतं का हो असं? मला वाटलं, मी एकलीच."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! आम्ही दोघी पायरीवर बसून खुळ्यासारख्या हसलो. ती म्हणाली, हळदीकुंकवाला जातच नाही, सगळ्यांसमोर उखाण्यात नाव घ्यायला लावतात, वाचाच बसते. मी तिचा हात धरून शब्द दिला — "तू ये. माझ्या शेजारी बस. तुला कुणी नाव घ्यायला लावणार नाही, माझी जबाबदारी."

आली ती. हिरवी साडी, गजरा. माझ्या भरवशावर आली.

खोली खच्चून भरलेली — तीळगूळ, अत्तर, गुलाबपाणी, नुसता कलकलाट! वाण म्हणून द्यायच्या स्टीलच्या वाट्यांचं ताट घेऊन मी मधोमध उभी. कुणीतरी ओरडलं, "आधी घरच्या बाईंनी नाव घ्या!" आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. सकाळपासून कुकरसमोर घोकलेल्या त्या दोन ओळी — गेल्या! समोर नुसते चेहरे. माझ्या हातातल्या ताटात वाट्या किणकिणायला लागल्या. आता कळणार, आता सगळ्यांना कळणार —

मी ताट सुलभाच्या हातात कोंबलं आणि ओरडले, "माझं काय ऐकताय, बायांनो! आज आमची सुलभा नाव घेणार! घाबरट आहे मेली — बघा, बघा, हात कसे थरथरतायत!"

ताट घेतलं तेव्हा तिचे हात स्थिर होते. मी पाहिलं होतं ते.

सगळ्या हसल्या. मग तिच्या हातातल्या वाट्या वाजायला लागल्या. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं तिला, नाही का? तिने नवऱ्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं, ते अर्धंच बाहेर आलं, आणि ती रडायला लागली. मी आणखी एक विनोद केला. कसला, ते शब्द न् शब्द आठवतंय. सांगवत नाही.

पुढच्या संक्रांतीला मी तिच्या दारात बोलावणं घेऊन गेले. तिने कुंकू लावून घेतलं, "येते" म्हणाली आणि दार लोटलं. आली नाही. मला आतून ओळखणारी ती एकटी, आणि ती त्या खोलीत नव्हती. मी उखाणा घेतला — एका दमात, कुठेही न अडता! टाळ्या काय पडल्या! आणि मी खूश होते हो. इतकी खूश त्याआधी कुठल्याच हळदीकुंकवाला झाले नव्हते.