इब्रीच्या वाटेवर समजलेली सारवासारव

मुंबईहून मस्कतला विमान पावणेतीन तासांत पोचते आणि उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. म्हणजे घड्याळाच्या मते प्रवास सव्वा तासाचाच. हे मी शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगितले, तेवढ्यात त्याचा डोळा लागला. खिडकीतून आधी समुद्र दिसला, मग एकदम डोंगर. भाजलेल्या विटेच्या रंगाचे, वर एक झाड नाही. २०१६ चा जानेवारी होता. बाहेर हवा इतकी छान, की सोबत नेलेला स्वेटर बॅगेतच राहिला.

माझा धाकटा भाऊ सुहास माबेल्यात राहतो. ही वस्ती मस्कतच्या बाहेरच्या टोकाला. भाडे परवडते, पण कामावर जायचे तर एका बाजूने एकेचाळीस किलोमीटर. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्यासोबत जाऊन ते मोजले. त्याची बायको मेघना रत्नागिरीची. तिने सुरमईचे कालवण केले होते. सुरमईला इथे कनद म्हणतात, असे तिने सांगितले. नाव बदलल्याने चवीत काही फरक पडला नव्हता.

त्यांची मुलगी रेवा तेरा वर्षांची. ती भांडते इंग्रजीत आणि मराठी बोलते ती विचार करून, एकेक शब्द तपासत. मस्कतमधल्या रुवीच्या एका हॉलमध्ये पुढच्या शुक्रवारी मराठी मंडळाची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय तिने स्वतः निवडला होता : अमेरिकेतले घोटाळे आणि लोकांचा विश्वास. शाळेतल्या प्रकल्पामुळे तिला त्याची गोडी लागली होती. टिपणे मात्र इंग्रजीत.

"काका, एवढं मराठीत करून द्या ना."

मी आधी भाषांतर केले. मग वाक्ये नीट केली. मग आणखी नीट केली. संध्याकाळपर्यंत पाच पाने झाली आणि तिचे एकही वाक्य त्यात उरले नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर छापले होते, "भाषण स्पर्धकाने स्वतः लिहिले आहे." त्याखाली मार्गदर्शकाची सही हवी होती. मी विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचणारा माणूस. हे वाक्यही वाचले, आणि सही केली.

शनिवारी आम्ही चौघे इब्रीला निघालो. गाव आतल्या भागात, गाडीच्या काट्यावर दोनशे साठ किलोमीटर भरले. रस्ता असा सरळ, की सुहासला बोलते ठेवणे हेच आमचे काम. रेवा मागे बसून पाठांतर करत होती. वाटेत बहलाचा मातीचा किल्ला लागला. तिथे उतरून कहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी) घेतला. कप अंगठ्याएवढा. पुरे झाले की तो हलवून परत द्यायचा असतो, हे ठाऊक नसल्याने मी पाच कप प्यालो.

इब्रीत गफूरभाईंचे भांड्यांचे दुकान आहे. ते मूळचे दापोलीचे. सुहास नवा आला तेव्हा मस्कतच्या हमरिया वस्तीतल्या एका खोलीत दोघे चार वर्षे एकत्र राहिले होते.

"आलाव एकदाचे! मी म्हटलं, दादांना वाळवंटात उतरवून सुहास एकटाच येतोय की काय."

जेवणे झाल्यावर त्यांनी रेवाला भाषण म्हणायला लावले. तिने उभे राहून धडाधड म्हटले. नौदलाच्या राखीव तेलाच्या जमिनी परस्पर तेल कंपन्यांना देऊन लाच घेणारा मंत्री, विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसे, राजीनामा देणारा राष्ट्राध्यक्ष. मग माझे सर्वांत आवडते वाक्य आले : "लोकांनी एकवेळ चोरी माफ केली असती, पण सत्तेने जी सारवासारव केली, तिने विश्वास उडाला."

गफूरभाई म्हणाले, "वा! फर्स्ट क्लास! पण सारवासारव म्हणजे काय गं?"

रेवा थांबली. "म्हणजे... सॉरी-सॉरी म्हणणं?"

गफूरभाई इतके हसले, की त्यांना पाणी द्यावे लागले. "अर्बाब (मालक), तुमच्या भाषणात सरकारानं माफी मागितली म्हणून लोक रागावले!" हे मला होते.

मग ते आम्हांला गावाबाहेरच्या जुन्या मातीच्या घरांकडे घेऊन गेले. एका भिंतीला वरून गिलावा दिलेला होता आणि तो पुन्हा तडकला होता. त्यांनी रेवाचा हात त्या भेगेवर ठेवला. "माझी आई अंगण सारवायची. शेणामातीचा हात फिरवला, की वरून कसं गुळगुळीत. भेग आत तशीच. अंगणाचं ठीक आहे गो. पण माणसं चुकीवर असा हात फिरवतात ना, त्याला सारवासारव म्हणायचं. कळलं? खलास (झालं)."

परतताना रेवाने पाठांतराचे कागद पुन्हा काढले. मग म्हणाली, "काका, मला तेच कळत नव्हतं. सॉरी म्हटल्यावर लोक का चिडले?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार ना." थोड्या वेळाने ती पुढे झुकली. "पण तुम्ही सही केलीय, मी लिहिलं म्हणून. ते काय आहे मग?"

"अगं, सगळ्यांचे आईबापच लिहून देतात," सुहास म्हणाला.

"बाबा, त्या अमेरिकेतल्या घोटाळ्यातपण सगळे हेच म्हणत होते, की सगळेच करतात."

मेघना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता द्या उत्तर." त्या मुलीने माझ्यावर न तपासता विश्वास ठेवला होता, आणि तो पुढे राहणार की नाही, हे आता माझ्यावर होते.

रविवारी सकाळी मी संयोजक जोशीबाईंना फोन केला. भाषण माझे आहे आणि सही खोटी आहे, हे सांगितले. बाईंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "अठरा वर्षांत असा फोन पहिलाच. तिचं स्वतःचं आणायचं असेल तर नवा फॉर्म भरा. पण वेळ वाढवून मिळणार नाही."

रेवाने चार दिवसांत दीड पान लिहिले. तिने शब्दाचा अर्थ विचारला तर मी सांगायचा, पेन हातात घ्यायचे नाही, असा तिचा नियम होता. "लोकांचा विश्वास किती टक्के कमी झाला ते लिहू?" तिने विचारले. आकडा कुठून घेतलास, म्हटल्यावर तिने तो खोडला. हे मात्र मला फार बरे वाटले.

शुक्रवारी हॉल भरलेला होता. नऊ स्पर्धक, रेवा सहावी. तिच्या आधीच्या पाचांची भाषणे ऐकून मला माझीच पाच पाने आठवली. रेवाची वाक्ये लहान होती. "मंत्र्याने तेल दिले. पैसे घेतले. तो तुरुंगात गेला." तेल म्हटल्यावर पुढच्या रांगेतली, तेल कंपन्यांत काम करणारी पुरुषमंडळी सावरून बसली. मग ती म्हणाली, "नंतर एका राष्ट्राध्यक्षांचा घोटाळा झाला."

सगळा हॉल हसला. राष्ट्राध्यक्ष बिचारे कुठेतरी गोंधळले, असाच त्याचा अर्थ होत होता. रेवाचे कान लाल झाले. मेघनाने माझा हात घट्ट धरला. रेवाने कागदाकडे पाहिले, मग लोकांकडे.

"झाला नाही," ती म्हणाली. "केला."

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग सांगितले, की कोर्टाने राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या बोलण्याच्या टेप मागितल्या आणि त्यांना त्या द्याव्या लागल्या. "लोकांचा विश्वास पूर्ण परत आला नाही. पण तपासता येतं, हे लोकांना कळलं. मला ते चांगलं वाटतं." पाचपैकी तीन मिनिटांत भाषण संपले.

बक्षीस मिळाले नाही. निकालानंतर एक गृहस्थ येऊन म्हणाले, "मुलीला थोडं लिहून द्यायचं होतं हो कुणीतरी." मी म्हटले, दिले होते, म्हणूनच अडचण झाली. ते समजल्यासारखे हसून गेले.

एकोणीस दिवसांनी परतलो. ओमानमध्ये काय पाहिले, असे आता इथे लोक विचारतात. मी डोंगर, किल्ला आणि कनद सांगतो, आणि त्या सहीचेही सांगतो. ते न सांगता बाकीचे सांगितले, तर ऐकणाऱ्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा? आधी हे सांगताना जीभ अडायची, आता अडत नाही.

गेल्या आठवड्यात रेवाचा मराठी निबंध आला. सोबत एक ओळ : "काका, चुकांखाली फक्त रेघ मारा. बरोबर काय ते मी शोधते." सतरा चुका होत्या. मी सतरा रेघा मारल्या आणि कागद तसाच परत पाठवला.